मधुमेहाची वंशावळ

मधुमेह हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक चित्र असते पन्नाशीच्या घरातील, अंगाने भरलेल्या गृहस्थाचे. त्याने चहातील साखर सोडलेली असते आणि संध्याकाळी फिरावयास जाण्याचा डॉक्टरांचा हुकूम पाळण्याची त्याची धडपड चाललेली असते. दुसरे चित्र असते एखाद्या कृश मुलाचे. त्याची तहान एकाएकी वाढली, वजन उतरले, आणि त्या दिवसापासून इन्शुलिनची सुई त्याची जन्माची सोबतीण झाली. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये मधुमेह्यांचे एक तिसरे घराणे आहे. घराणे हा शब्द मी मुद्दामच वापरीत आहे. आजी, बाप आणि लेक अशा ओळीने तीन पिढ्यांत, आणि प्रत्येकाला ऐन पंचविशीच्या आत, हा रोग उमटतो. ह्यातील पुष्कळांना इन्शुलिनची गरज नसते. काहींना तर औषधाचीही नसते. तरीसुद्धा केवळ वय लहान एवढ्याच कारणाने त्यांच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे सुई टोचून घेतली आहे. ही गफलत कशी झाली, ती कोणी आणि कशी उलगडली, आणि आपल्या देशात ती अद्यापि का होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मधुमेहाचे दोन भेद करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला; दुसरा अपथ्यामुळे जडलेला. पहिल्याचे कारण मातापित्यांच्या बीजातील दोष होय असे ग्रंथकार म्हणतो. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रूक्ष अंगाचा, थोडे खाणारा आणि फार तहानलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, खादाड आणि बसून वा निजून राहण्याची आवड असणारा असतो. चरकसंहितेतही कृश रोग्याला पोषण द्यावे आणि स्थूल, बलवान रोग्याचे शोधन करावे, असा उपचारातला भेद केलेला आहे. एवढ्यावरून आजचे आनुवंशिकीशास्त्र आपल्या पूर्वजांना अवगत होते असा डंका पिटण्याचे कारण नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. रोग्याकडे पाहताना त्याच्या आईबापांकडेही पाहावे ही दृष्टी त्या वैद्यांना होती. आणि बीजदोष सांगताना त्यांनी माता आणि पिता असे दोघांचेही नाव घेतले होते. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

युरोपात ह्या रोगाचा पद्धतशीर अभ्यास पुष्कळ उशिरा सुरू झाला. मधुमेह्याच्या मूत्राला गोडी असते ही गोष्ट इंग्लंडात टॉमस विलिस ह्याने १६७४ मध्ये नोंदविली, आणि ती गोडी साखरेचीच असते हे मॅथ्यू डॉब्सन ह्याने १७७६ मध्ये दाखविले. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग ह्या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि रोगाचे मूळ स्थान सापडले. पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप ह्यांच्या प्रयत्नांतून इन्शुलिन हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत मधुमेह झालेले मूल म्हणजे काही महिन्यांचे पाहुणे समजले जाई. इन्शुलिनने त्या मुलांना आयुष्य दिले. वैद्यकाच्या इतिहासात ह्याच्या तोडीचे प्रसंग थोडेच आहेत.

पण ह्या विजयातूनच एक समजूत रूढ झाली. लहान वयातला मधुमेह म्हणजे इन्शुलिनवाचून प्राणघातक, आणि प्रौढ वयातला मधुमेह म्हणजे सौम्य, असा वयाचा दंडक पडला. १९३६ साली लंडनमध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ ह्यांनी काही रोग्यांचे शरीर इन्शुलिनला चटकन दाद देते, तर काहींचे देत नाही, हे प्रयोगाने दाखवून दिले. रोगाचे वर्गीकरण वयावर न करता शरीराच्या वागणुकीवर करता येईल ह्याची ती सूचना होती. व्यवहारात मात्र रोग्याचे वय हाच निकष पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला. वय विचारणे सोपे असते हे त्याचे एक कारण असावे.

आनुवंशिकतेच्या बाबतीत तर ह्याहूनही मोठा गोंधळ होता. इंग्लंडात कॅमिज ह्यांनी १९२८ मध्ये असे लिहिले होते की, काही घराण्यांत सौम्य मधुमेह एका पिढीतून दुसऱ्या पिढीत थेट उतरतो. १९३३ मध्ये अमेरिकेत पिंकस आणि प्रिसिला व्हाइट ह्यांनी वेगळा निष्कर्ष काढला. आई आणि बाप ह्या दोघांकडूनही दोष आला तरच मूल मधुमेही होते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंकडे पुरावा होता आणि दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळत नव्हते. मिशिगन विद्यापीठातील आनुवंशिकीचे नामवंत अभ्यासक जेम्स नील हे मधुमेहाला आनुवंशिकीच्या अभ्यासकाचे दुःस्वप्नच म्हणत. ज्वारी, बाजरी आणि नाचणी एकाच पोत्यात ओतून त्या पोत्यातल्या धान्याचा गुणधर्म कोणता असे विचारले, तर उत्तर येणार नाही. मधुमेह ह्या एका नावाच्या पोत्यात किती धान्ये आहेत, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

ते पोते निवडण्याचे काम नील ह्यांच्याच विद्यापीठात, ॲन आर्बर ह्या गावी सुरू झाले. तेथे जेरोम कॉन आणि स्टीफन फायान्स हे दोन वैद्य मधुमेहाच्या प्रारंभीच्या अवस्थेचा शोध घेत होते. फायान्स ह्यांचा जन्म १९१८ साली म्यूनिक येथे झाला. त्यांचे वडील काझिमीर फायान्स हे विख्यात रसायनशास्त्रज्ञ होते. नाझी राजवटीत ह्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली आणि ते मिशिगनमध्ये येऊन स्थिरावले. कॉन आणि फायान्स ह्यांचा प्रश्न साधा होता. मधुमेह दृष्टीस पडतो तेव्हा तो पुष्कळ जुना झालेला असतो. मग तो प्रकट होण्यापूर्वीच ओळखता येईल काय? त्यासाठी त्यांनी मधुमेह्यांच्या निरोगी दिसणाऱ्या नातलगांना बोलावून साखर पाजून त्यांचे रक्त तपासण्यास आरंभ केला. ह्या तपासणीची एक विशेष पद्धतही त्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली.

ह्या तपासणीत एक अनपेक्षित गोष्ट आढळून आली. काही पोरगेल्या वयाच्या मुलामुलींना मधुमेह होता, पण त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. ना वजन घटलेले, ना तहान वाढलेली. त्याच सुमारास टॉलब्युटामाइड नावाची, सल्फोनिलयुरिया वर्गातली गोळी उपलब्ध झाली होती. ती स्वादुपिंडाकडून इन्शुलिन बाहेर काढविते, आणि म्हणून प्रौढ मधुमेह्यांसाठी वापरली जाई. कॉन आणि फायान्स ह्यांनी ती ह्या तरुणांना देऊन पाहिली, आणि साखर पचविण्याची त्यांची शक्ती सुधारली. १९६० साली त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. १९६४ मध्ये फायान्स ह्यांनी ह्या प्रकाराला प्रौढांच्या धर्तीचा, पण तरुणांत आढळणारा मधुमेह असे संबोधिले. नाव काहीसे ओबडधोबड होते. पण वयाच्या दंडकाला त्याने पहिला तडा दिला.

फायान्स ह्यांच्या कामाचा खरा आधार एक कुटुंब होते. शास्त्रीय वाङ्मयात ते आर-डब्ल्यू ह्या केवळ दोन अक्षरांनी ओळखले जाते. मूळचे पूर्व प्रशियातले हे कुटुंब १८६१ साली मिशिगनमध्ये येऊन वसले. १९५८ पासून फायान्स ह्यांनी त्याच्या शाखोपशाखांचा पाठपुरावा केला. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, आणि ठराविक काळाने ही सारी मंडळी रक्त देण्यासाठी येत राहिली. हा क्रम चार दशकांहून अधिक काळ चालला. वंशवृक्षात साडेतीनशेहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. प्रयोगशाळेतील एखादे यंत्र विकत घेता येते. पण एका घराण्याचा असा दीर्घ विश्वास विकत मिळत नाही. आपल्या घरातले दुखणे झाकून न ठेवता त्या लोकांनी ते पिढ्यानुपिढ्या परक्यापुढे उघडे केले. ह्या इतिहासात वैद्यांची नावे राहिली आणि त्या माणसांची राहिली नाहीत. तथापि श्रेय देताना त्यांचा वाटा विसरून चालणार नाही.

इकडे लंडनमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल हे तरुण वैद्य अशाच काही रोग्यांमुळे चकित झाले होते. १९७४ मध्ये त्यांनी तीन कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत मधुमेह किशोरवयातच सुरू झाला होता, तो प्रत्येक पिढीत उतरत होता, आणि रोग जुना झाल्यावरही इन्शुलिनवाचून आवरता येत होता. योगायोग असा की, त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, मिडलसेक्स रुग्णालयात बोताझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मधुमेह्यांच्या रक्तात स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे सापडली. लहान मुलांचा तो भयंकर मधुमेह म्हणजे शरीराच्या संरक्षक दलाने आपल्याच घरावर केलेला हल्ला होय, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले. म्हणजे वय सारखे, मूत्रातली साखर सारखी, आणि रोगाचे मूळ मात्र अगदी निराळे.

टॅटरसॉल पुढे ॲन आर्बरला फायान्स ह्यांच्याकडे गेले. १९७५ साली दोघांनी मिळून दोन्ही प्रकारच्या तरुण रोग्यांच्या कुटुंबांची तुलना केली. नव्या प्रकारच्या रोग्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आईला किंवा बापाला मधुमेह होता. नेहमीच्या बालमधुमेहात हे प्रमाण केवळ ११ टक्के भरले. नव्या प्रकारात तपासलेल्या भावंडांपैकी ५३ टक्क्यांत मधुमेह दडलेला आढळला. निम्म्याच्या आसपासचा हा आकडा अर्थपूर्ण आहे. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यांपैकी एकच प्रत सदोष असताना रोग होत असेल, तर तो प्रत्येक अपत्याला होण्याचा संभव निम्मा असतो. नाणेफेकीत छापा पडावा की काटा, तसाच हा प्रकार. मेंडेलने वाटाण्याच्या वेलांवर जो नियम शोधला, तोच येथे माणसांच्या घराण्यात लागू पडत होता.

ह्याच वेळी त्या ओबडधोबड नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून एक सुटसुटीत संज्ञा रूढ झाली. तिचा उच्चार मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. तो आहे मोडी. आपल्या मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही, तो केवळ ध्वनीचा योगायोग आहे. परंतु ही तुलना सहज सुचण्याजोगी आहे. जुन्या दप्तरातला मोडी कागद न शिकलेल्याच्या हाती पडला, तर त्याला नुसत्या वळणदार रेघा दिसतात; जाणकाराला त्याच रेघांत घराण्याचे वतन, वाटण्या आणि नाती वाचता येतात. ह्या मधुमेहाचेही तसेच आहे. एकट्या रोग्याच्या रक्ताच्या अहवालात तो ओळखू येत नाही. तो वाचण्यासाठी सबंध घराण्याचा कागद उलगडावा लागतो.

नाव मिळाले, तरी कारण सापडावयास आणखी वीस वर्षे जावी लागली. १९९१ साली शिकागोच्या ग्रेम बेल ह्यांच्या गटाने आर-डब्ल्यू घराण्याच्या रक्ताच्या आधारे त्यांचा दोष विसाव्या गुणसूत्रावर आहे असे दाखविले. त्यापुढचे वर्ष फ्रान्सचे होते. फिलिप फ्रोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच कुटुंबांत ग्लुकोकायनेज ह्या विकराच्या जनुकात बिघाड शोधून काढला. हे विकर म्हणजे धान्यबाजारातला मापाडीच होय. रक्तात साखर किती आली ह्याचे माप ते घेते, आणि त्याप्रमाणे इन्शुलिन सोडण्याचा इशारा पेशीला मिळतो. मापाड्याचे माप जरा मोठे झाले, तर थोडी अधिक साखर साठेपर्यंत तो इशारा देत नाही. पण त्यानंतर मात्र चोख देतो. म्हणून अशा माणसांची साखर जन्मापासूनच किंचित वरच्या पातळीवर असते आणि तेथून फारशी हलत नाही.

१९९६ साली आर-डब्ल्यू घराण्याचे कोडे सुटले. बेल ह्यांच्याच प्रयोगशाळेत काझुया यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन जनुके ओळखली. एचएनएफ-१-आल्फा आणि एचएनएफ-४-आल्फा अशी त्यांची नावे आहेत. आर-डब्ल्यू घराण्यात बिघडलेले जनुक ह्यांतले दुसरे होते. ही प्रथिने शास्त्रज्ञांना मुळात यकृताच्या अभ्यासात भेटली होती, मधुमेहाशी त्यांचे नाते असेल अशी अपेक्षा नव्हती. त्यांचे काम मुकादमाचे असते. ती इतर जनुकांकडून काम करवून घेतात. दोन मुकादमांपैकी एक गैरहजर असला, तरी बालपणी काम निभावते. पण वयात येता येता इन्शुलिन करणाऱ्या पेशींची शक्ती उणावू लागते. म्हणून हा मधुमेह बहुधा किशोरवयात किंवा विशीत प्रकट होतो आणि पुढे वाढत जातो. तो सौम्य म्हणून दुर्लक्षण्याजोगा नाही. साखर आटोक्यात ठेवली नाही, तर डोळे आणि मूत्रपिंडे ह्यांवर त्याचे परिणाम इतर मधुमेहासारखेच होतात. पुढे अशी आणखी कितीतरी जनुके सापडली. एका मोडीच्या अनेक मोड्या झाल्या.

येथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, कोणत्या जनुकात दोष आहे हे कळून रोग्याचा काय लाभ? त्याचे उत्तर उपचारात आहे. ग्लुकोकायनेजच्या दोषाचे उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये अशा ९९ व्यक्तींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या अंगी ही वाढलेली साखर सरासरी ४८ वर्षांहून अधिक काळ होती, तरी मधुमेहाचे गंभीर उपद्रव त्यांच्यात क्वचितच आढळले. गर्भारपणाचा काळ वगळता अशा माणसांना सहसा औषधाची गरज पडत नाही. एचएनएफ-१-आल्फाच्या रोग्यांचे निराळे आहे. त्यांना उपचार हवा. पण तो बहुधा एका जुन्या, स्वस्त गोळीचा. इंग्लंडातील एक्झिटर येथील अँड्र्यू हॅटर्सली आणि इवान पिअर्सन ह्यांच्या गटाने २००३ साली दाखविले की, सल्फोनिलयुरिया वर्गातील ग्लिक्लाझाइड ही गोळी अशा रोग्यांत सामान्य प्रौढ मधुमेह्यांच्या तुलनेने जवळजवळ चौपट परिणामकारक ठरते. १९६० साली ॲन आर्बरमध्ये जे अनुभवाने दिसले होते, त्याचा कार्यकारणभाव चाळीस वर्षांनी असा उघड झाला.

सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण तान्ह्या मुलांचे आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. अशा बालकाला इन्शुलिनवाचून गत्यंतर नाही असेच पूर्वी मानले जाई. इन्शुलिन करणाऱ्या पेशीच्या भिंतीत पोटॅशियमचे एक दार असते. साखर वाढली की ते मिटते आणि मग इन्शुलिन बाहेर पडते. २००४ साली ॲना ग्लॉइन, हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ह्यांपैकी अनेक बालकांत जनुकातील दोषामुळे हे दार उघडेच राहते. इन्शुलिन आत तयार असते, पण बाहेर येऊ शकत नाही. सल्फोनिलयुरियाची गोळी नेमके हेच दार मिटविते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या ४९ रोग्यांना ती देण्यात आली. त्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन पूर्णपणे थांबविता आले, आणि त्यांची साखर पूर्वीपेक्षा चांगली राहिली. ज्या मुलाला जन्मापासून दिवसातून अनेकदा सुई टोचली जात होती, त्याच्या आईच्या दृष्टीने ह्या वाक्याचा अर्थ काय होत असेल, तो आकड्यांत सांगता येणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, व्ही. मोहन, ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ सालीच भारतीयांत मोडीचे प्रमाण बरेच दिसते असे प्रसिद्ध केले होते. तेव्हा निदान लक्षणांवरून आणि घराण्याच्या इतिहासावरून करावे लागे. पुढे जनुकांची तपासणी शक्य झाली, तेव्हा चित्र गुंतागुंतीचे निघाले. चेन्नईत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणांवरून मोडी ठरविलेल्या ९६ रोग्यांपैकी एचएनएफ-१-आल्फाचा दोष सुमारे ९ टक्क्यांतच मिळाला. २०१८ साली चेन्नईच्याच संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनकेएक्स-६-१ ह्या जनुकाचा मोडीशी संबंध असल्याचे नोंदविले. म्हणजे युरोपीय घराण्यांवरून तयार केलेली यादी आपल्याकडे पुरी पडेलच असे नाही.

भारतात हे निदान अवघड का, ह्याचे एक कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आपल्याकडे प्रौढांचा म्हणून समजला जाणारा मधुमेहही तिशीच्या आसपास, आणि वरवर सडपातळ दिसणाऱ्या माणसांतही येतो. घरोघरी आईला आहे, मामाला आहे, काकाला आहे. तेव्हा तीन पिढ्यांत मधुमेह आढळला एवढ्यावरून तो एका जनुकाचा म्हणता येत नाही. म्हणून जाणते वैद्य तीन प्रश्न एकत्र विचारतात. आई किंवा बाप ह्यांपैकी एकाला तरुणपणीच मधुमेह झाला होता काय? रोग्याच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे नाहीत ना? आणि रोग सुरू होऊन काही वर्षे लोटल्यावरही त्याचे शरीर स्वतःचे इन्शुलिन करते आहे काय? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीने मिळते. तिन्ही उत्तरे जुळली, म्हणजे जनुकतपासणी करण्यात अर्थ असतो. ह्याच्या उलट बाजूवरही आपल्याकडे काम झाले आहे. पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय, हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि एक्झिटर विद्यापीठ ह्यांनी मिळून २०२० साली दाखविले की, अनेक जनुकांच्या एकत्रित गुणांकनावरून प्रतिपिंडजन्य मधुमेह ओळखण्याची युरोपात सिद्ध झालेली पद्धत भारतीय रोग्यांतही उपयोगी पडते.

श्रोतेहो, हे ऐकून कोणी आपण होऊन इन्शुलिन थांबवू नये, हे मला येथे निक्षून सांगावयाचे आहे. तरुण वयात इन्शुलिन घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना ते खरोखरीच प्राणरक्षक आहे. त्यांचे ते एक-दोन दिवसही थांबले, तर जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये २०१० साली केलेल्या गणनेप्रमाणे मोडीचे रोगी दर दहा लाख वस्तीत १०८ च्या आसपास निघतात, म्हणजे तसे थोडेच. पण त्याच गणनेत असेही आढळले की, त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांचे योग्य निदान झालेलेच नव्हते. सर्वत्र नि:शुल्क उपचार असलेल्या देशाची ही कथा आहे. आपल्याकडे काय स्थिती असेल ह्याची कल्पना त्यावरून करता येईल.

निदान राहून जाण्याचे दुसरे कारण वैद्यकाच्या हद्दीबाहेरचे आहे, आणि ते मला अधिक गंभीर वाटते. ते म्हणजे आपली लपवाछपवी. घरात लग्नाची मुलगी असली की तिचा मधुमेह आत्याबाईंनाही कळू दिला जात नाही. सुनेच्या माहेरी कोणाला काय दुखणे होते हे सासरी कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर खरे सांगत नाही. आपला समाज वंशावळीचा अभिमानी आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला गेले, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाचसहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाचे नाव निघते. पण ह्या वंशावळी प्रायः पित्याकडून पुत्राकडे उतरतात. मुलगी सासरी गेली की तिच्या शाखेचा धागा तुटतो. ह्या मधुमेहाचे जनुक असा भेद पाळीत नाही. ते बापाकडून जितक्या सहजतेने येते, तितक्याच सहजतेने आईकडून येते. मुलाला जितके मिळते, तितकेच मुलीला मिळते. ज्या वंशवृक्षात आजीचे माहेर नाही, तो ह्या रोगाच्या बाबतीत अर्धाच वंशवृक्ष होय.

आणि ह्यात कोणाचा दोषही नाही. बीज कोणी निवडून घेत नाही. आईकडून आले म्हणून आईला बोल लावणे, मुलीला आहे म्हणून तिचे स्थळ मोडणे, ह्यात जितका अन्याय आहे तितकेच अज्ञानही आहे. ग्लुकोकायनेजचा दोष असलेल्या मुलीला कदाचित औषधही लागणार नाही. पण तिने तो लपविला, आणि गर्भारपणात वैद्याला तो ठाऊक नसला, तर तिच्यावर नको ते उपचार होऊ शकतील. रोगापेक्षा तो लपविण्याने होणारे नुकसान मोठे असते, हे अशा वेळी दिसून येते.

सुश्रुताच्या ग्रंथात बीजदोषाच्या संदर्भात माता आणि पिता हे दोन्ही शब्द आले आहेत, हे मी आरंभी सांगितले. मिशिगनमधील त्या निर्वासित वैद्याने तीच दोन नावे पिढ्यानुपिढ्या वहीत लिहून घेतली, आणि त्या वहीतून एका रोगाचा उलगडा झाला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणाला पंचविशीच्या आत मधुमेह झाला असेल, त्यांनी सुटीच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे. आजोळी कोणाला होता, कितव्या वर्षी झाला, सुई लागली की गोळीवर भागले, हे विचारावे, आणि दोन्ही बाजूंचे कागदावर उतरवून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. ह्या कामाला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. फक्त घरातल्या माणसांनी एकमेकांना खरे सांगावे लागते.